विचार केला, विचारलं नाही

बाई,

मायना काय घालावा ते ठरेना, म्हणून नुसतंच बाई. पत्रलेखनात मायन्याला एक मार्क असतो, तो माझा गेला असं समजा. आज शनिवार, सकाळची शाळा सुटून तासभर झाला. मुलं गेली, शिक्षक गेले, आमचे क्लार्क भाऊसाहेब तेवढे बाहेर कपाट आवरत बसलेत आणि दर दहा मिनिटांनी दाराशी येऊन खाकरतात. त्यांना माझी सही हवी आहे. चाकणच्या रस्त्यावर कंटेनर खोळंबलेत, हॉर्नचा नुसता कल्ला चाललाय, आणि मी प्रश्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या कागदांवर तुम्हाला लिहायला बसले आहे. पाठकोरा कागद टाकायचा नाही ही तुमची सवय. ती मी अजून पाळते. बाकी तुमचं काय काय पाळलं, ते सांगायलाच हे लिहिते आहे. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली.

सही हवी आहे ती एका फॉर्मवर. आमच्या संस्थेनं सगळ्या मुख्याध्यापकांसाठी नेतृत्वाचं शिबिर ठेवलंय, त्याआधी हा भरून पाठवायचा. हो बाई, मी मुख्याध्यापिका झाले, दोन वर्षांपूर्वी. फॉर्ममध्ये तिसरा प्रश्न असा: आपले तीन वैयक्तिक नेतृत्वगुण लिहा. चौथा असा: शाळेतील विविधतेला प्रोत्साहन देण्यासाठी आपण राबवलेल्या उपक्रमाची माहिती द्या. तुम्ही हे वाचून पदर तोंडाला लावून हसला असतात. सहलीला बाकीच्या सगळ्या बाई रांगेच्या पुढे चालायच्या आणि तुम्ही सगळ्यात मागे, कुणाची चप्पल तुटली, कोण रडतंय ते बघत. त्याला तुम्ही कधी गुण म्हणाला नाहीत. चौथ्या प्रश्नाचं उत्तर भाऊसाहेबांनी त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहून ठेवलंय, 'सेतू तुकडी'. तिसरा माझा मला लिहायचाय. चार दिवस झाले, पेन टेकत नाही.

मला पाचवीचा पहिला दिवस आठवतो. दापोडीची ती शाळा, रुळांच्या बाजूची खोली. गाडी गेली की तुम्ही बोलणं थांबवून खडू हातात धरून उभ्या राहायचात. तुम्ही हजेरी घेताय. घरी अब्बा गॅरेजवरून आले, की जेवायला बसायच्या आधी अम्मी आम्हा भावंडांची मोजदाद करायची, "सब हाजिर?" माझं नाव येतं आणि माझ्या तोंडून तोच शब्द निघतो, "हाजिर!" सगळा वर्ग फिदीफिदी हसतो. मी खाली बघते. अब्बांचे नट-बोल्ट पुसून माझ्या नखांत काळं ग्रीस बसलेलं असतं, ते मी दुसऱ्या हातानं झाकते. तुम्ही रागावत नाही. फळ्यावर लिहिता, हाजिर. त्याखाली लिहिता, हजर. "बघा रे. शब्द हिच्या घरचा आहे. आपण तो आणला, थोडा घासला आणि रोज वापरतो. आज मालकीण स्वतः आली, तर तिलाच हसताय होय?" आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकानं घरी जे म्हणतात तेच म्हणायचं असा तुम्ही हुकूम काढलात. मावळातली ती दोन वेण्यांची मुलगी म्हणायची, "हाय जी बाई." कोकणातला एक जण, "आसंय." सोलापूरकडून आलेली, घरी कानडी बोलणारी एक बारीकशी मुलगी होती, ती अगदी हळू म्हणायची, "अदीनि." हजेरीला दुप्पट वेळ लागायचा. शेजारच्या वर्गातले सर डोकावून म्हणायचे, "बाई, हा बाजार कसला?" तुम्ही मान वर न करता, "हजेरी चाललीय."

घरी गेल्यावर अम्मीनं कणीक मळता मळता विचारलं होतं, "क्या बोले तेरे बाई?" मी म्हटलं, "बाई बोले, शब्द आपलाय." तिला काही कळलं नाही, पण माझं तोंड बघून ती म्हणाली, "हौ? फिर ठीक से पढ़." मी ठीक शिकले बाई. इतकी ठीक शिकले की नंतर आयुष्यभर लोक मला म्हणत आले, "अय्या, तुमचं मराठी किती छान आहे हो!" पहिली काही वर्षं मी हसून धन्यवाद म्हणायचे. मग माझं डोकं फिरायला लागलं. दापोडीत जन्मले, दापोडीत वाढले, मराठीत बी.ए. केलं, मराठीच शिकवते, आणि हे लोक मला अजून पाहुणीसारखं चहाला विचारतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सातवीत तुम्ही मला मॉनिटर केलंत. तुम्ही ऑफिसात गेलात की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची एवढंच काम, पण मला ती सत्ता फार गोड लागली. एक दिवस ती सोलापूरची मुलगी शेजारणीच्या कानात काहीतरी कुजबुजली. मी लगेच तिचं नाव लिहिलं आणि त्यापुढे माझ्या पदरची भर घातली, 'कानडी'. तुम्ही आलात, वाचलंत, आणि डस्टर न घेता हातानंच ते पुसलंत. मला व्हरांड्यात नेलंत. 

"कानडी हा गुन्हा कधीपासून झाला गं?" 

"बाई, ती बोलत होती." 

"काय बोलत होती?" 

मी वर्गाच्या दाराकडे बघितलं. 

"विचारलंस?" 

"मला वाटलं..." 

"तुला काय वाटलं ते मी विचारत नाहीये. तिला विचारलंस का?" 

तुम्ही आवाज चढवला नव्हता. तरी माझे कान गरम झाले, ते लिहितानासुद्धा होताहेत. "मधली सुट्टी आहे. जा, विचारून ये. मी इथेच उभी आहे."

मी नळाकडे गेले, ती तिथे होती. परत येऊन मी सांगितलं, "विचारलं बाई. अपूर्णांकाचं गणित समजलं नव्हतं, ते शेजारणीला विचारत होती." तुमचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं माझा पहिला नंबर आला. त्या दिवशी शाळा सुटताना तुम्ही मला तुमची लाल-निळी पेन्सिल दिलीत, एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी, वह्या तपासायची. ती फक्त शिक्षकांकडे असायची. "लाल चुकीला," तुम्ही म्हणालात. "पण हात आधी निळ्याकडे जाऊ दे. निळ्यानं समासात प्रश्न लिहायचा, असं का लिहिलंस म्हणून. त्याचं उत्तर आलं, की मग लागलं तर लाल." तुमच्या तपासलेल्या वह्या तशाच असायच्या, समासभर निळे प्रश्न आणि लाल अगदी थोडं. ती पेन्सिल मी बोटभर उरेपर्यंत वापरली आणि मग तशीच दुसरी घेतली. आजही माझ्या ड्रॉवरमध्ये तसली पेन्सिल असते.

तुमचं शेवटचं दर्शन झालं ते पिंपळे सौदागरला, तुमच्या मुलाच्या फ्लॅटमध्ये. मुलगा हिंजवडीला गेलेला, सून ऑफिसात, आणि तुम्ही सातव्या मजल्यावरच्या त्या चकचकीत स्वयंपाकघरात फरशीवर पेपर पसरून मेथी निवडत बसलेल्या. मी नोकरीत कायम झाल्याचे पेढे घेऊन आले होते. तुम्ही माझ्यापुढे अर्धी जुडी सरकवलीत. "नुसती बसू नकोस, हात चालव." आणि मेथी निवडता निवडता तुम्ही मला एका मुलीचं सांगितलंत. माझ्या आधीची, दगड फोडणाऱ्या वस्तीतली, गणितात अतिशय हुशार. तिच्यासाठी तुम्ही पुण्यात वसतिगृह शोधलंत, चिठ्ठ्या दिल्यात, कुणाकुणाचे उंबरे झिजवलेत. सगळ्यांनी तुमचं कौतुक केलं. ती महिन्याभरात तिथून पळून आली आणि पुन्हा कुठल्याच शाळेत गेली नाही. "घरी तिचा लहानगा भाऊ होता, त्याला धरणारं तिच्याशिवाय कुणी नव्हतं," तुम्ही म्हणालात. "एका प्रश्नात कळलं असतं मला. मी तिच्यासाठी फार विचार केला गं. विचारलं मात्र नाही." मग काडी बाजूला टाकून म्हणालात, "आपली भाषा लबाड आहे. विचार करणं आणि विचारणं दिसायला सारखंच. माणूस एक करतो आणि दोन्ही केल्याच्या समाधानात राहतो." तुमचे डोळे भरले होते. मी पानांकडे बघत बसले. तेव्हा तुम्ही माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणालात, "तू बरी. तू लहानपणीच विचारायला शिकलीस. मला म्हातारपण यावं लागलं." मी पुढची काडी खुडायला घेतली. सहा महिन्यांत तुम्ही गेलात. मी आले होते, गर्दीत मागे उभी होते.

आता माझं सांगते. आमची शाळा चाकणच्या अलीकडच्या एका वाडीत आहे. इथल्या लोकांच्या जमिनी कंपन्यांत गेल्या, राहिलेल्या तुकड्यावर त्यांनी ओळीनं खोल्या बांधल्या, आणि त्या खोल्यांत सगळा देश येऊन राहिलाय. बीड-परभणीचे, बिहारचे, उत्तर प्रदेशचे, ओडिशाचे. शिफ्टला जाणारे आईबाप आणि शाळेत येणारी त्यांची पोरं. मी मुख्याध्यापिका झाले आणि पहिल्याच पालकसभेत गावातले एक वजनदार पालक उभे राहिले. "मॅडम, राग मानू नगा. पण ह्या बाहेरच्या पोरांपायी आमची पोरं मागं राहत्यात. सर एकच गोष्ट चार-चार बारी सांगत्यात. आमाला कुणाचा दुस्वास न्हाई, पर आमच्या पोरांचं बी बघा की." माना डोलल्या. मला त्यांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडं पटलंही. मी घरी येऊन फार विचार केला. भाषा अडते आहे, तर भाषेवर काम करू. मुलांना एकत्र बसवू, हिंदी चांगलं येणारे शिक्षक देऊ, सावकाश शिकवू. त्याला मी नाव दिलं सेतू तुकडी. नाव सुचलं तेव्हा मला स्वतःचाच अभिमान वाटला होता.

आठवीची यादी मी स्वतः केली. शाळेचं जनरल रजिस्टर समोर ठेवलं, त्यात नाव, जन्मस्थळ, मातृभाषा असे रकाने असतात. रकाने बघत गेले आणि लाल-निळ्या पेन्सिलीच्या लाल टोकानं खुणा करत गेले. दुपारभरात संपलं. निळं टोक एकदाही टेकलं नाही. मातृभाषा उर्दू असं ज्या मुलीच्या नावापुढे कधीकाळी लिहिलं होतं, ती या रजिस्टरात असती तर कुठल्या तुकडीत गेली असती, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. पहिल्या चाचणीत बाकीच्या दोन तुकड्यांचा निकाल वाढला. संस्थेनं पाठ थोपटली. मुलं सेतू तुकडीला काय म्हणायची ते मला फार उशिरा कळलं. 'भय्यांचा वर्ग' म्हणायची.

त्या तुकडीत एक मुलगी होती. जन्मस्थळ बिहारमधलं, वडील कंपनीच्या प्रेस शॉपला, पत्रा दाबायच्या मशीनवर. पाचवीपासून ती आमच्याच शाळेत होती. सातवीत असताना गणपतीतल्या वक्तृत्व स्पर्धेत ती दुसरी आली होती, आणि बक्षीस देताना मी माईकवरून म्हटलं होतं, "अरे वा, तुझं मराठी किती छान आहे!" मी म्हटलं होतं बाई. मी. आणि त्याच मुलीच्या नावाला मी वर्षभरात लाल खूण केली, मराठी कच्चं म्हणून. आठवीत गेल्यावर ती माझ्या ऑफिसच्या दारात येऊन उभी राहायची, हे मला आठवतं. एकदा मी फोनवर होते. एकदा संस्थेचे लोक बसले होते. एकदा मी जेवत होते आणि हातानं खूण केली, नंतर. तिन्ही वेळा ती मान हलवून गेली. काय हवं होतं, ते तीन शब्दांत विचारता आलं असतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी नेहमीसारख्या शिक्षकांनी तपासलेल्या वह्या बघायला मागवल्या. मराठीच्या गठ्ठ्यात खाली एक वही न्यायची राहिलेली होती, तिची. पत्रलेखनाचा धडा होता, मागणीपत्र लिहा. तिनं लिहिलं होतं ते मला पाठ झालंय, इच्छा नसताना.

"मॅडम, विषय: तुकडी बदलून मिळण्याबाबत. मी पाचवीपासून याच शाळेत आहे. मला मराठी येते. वक्तृत्व स्पर्धेत तुम्हीच मला बक्षीस दिले होते. आमच्या घरमालकीण आजी म्हणतात, तू आमच्यापेक्षा भारी बोलतीस. मला सेतू तुकडीत का घातले ते कोणी सांगितले नाही. मला कोणी विचारले पण नाही. मी तीन वेळा ऑफिसात आले होते, तुम्हाला काम होते. म्हणून सरांनी पत्र लिहायला दिले आहे त्यात हे लिहीत आहे. तुम्ही वह्या बघता असे ऐकले आहे. आपली विश्वासू."

खाली लाल शाईत, पाच पैकी चार. 'मायना चुकला. अक्षर छान.'

मी त्या शिक्षकांना बोलावलं. तरुण आहेत, मनानं चांगले आहेत. ते म्हणाले, "मॅडम, मला वाटलं कल्पनेनं लिहिलंय. विषय छान निवडला होता तिनं." मी त्यांच्यावर ओरडले नाही. कुठल्या तोंडानं ओरडणार? विचारलं, ती कुठे आहे. ते गोंधळले. "दाखला गेला ना मॅडम, सुट्टीच्या आधीच." भाऊसाहेबांनी दाखल्याची स्थळप्रत काढून दिली. शाळा सोडल्याचे कारण, पालकांच्या विनंतीवरून. वर्तणूक, चांगली. खाली माझी सही, पूर्ण, वळणदार. सुट्टीच्या आधी कागदांचा गठ्ठा आला होता आणि फोन कानाला लावून मी सह्या केल्या होत्या. तिचा दाखला त्यातच होता.

मी त्याच दिवशी तिच्या खोलीवर गेले. ओट्यावर घरमालकीण आजी बसल्या होत्या, गावातल्याच. "लई गुणी पोर हुती ओ," त्या म्हणाल्या. "माझ्या संगं भाकरी थापायची. पाक रडून रडून गेली. म्हणायची, आजी, मॅडमला ठाव न्हाई, कळलं का बदलत्याल. तुमी शाळंतल्या का? त्या मॅडमला वळखता का?" मी म्हटलं, "व्हय आजी. मीच ती." आजींनी माझ्याकडे बघितलं, आणि नुसतं सरकून मला बसायला जागा केली. त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. आत तिची आई होती, धाकटं कडेवर. तिनं पोरीला गावी आजीकडे पाठवलं होतं. शाळा तिथे लांब आहे, कधी जाते, कधी नाही. मी म्हटलं, इतकी हुशार मुलगी, का पाठवलंत? ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "इहाँ भी तो अलगे बैठाया था, मैडम. उहाँ कम से कम अपना लोग है."

तिनं फोन लावून दिला. पलीकडून आवाज आला, तोच स्टेजवरचा, खणखणीत. "मॅडम? तुमी आमच्या खोलीवर आलाय? आईनं चहा दिला का?" चौदा वर्षांची पोर माझा पाहुणचार विचारत होती, एवढ्या लांबून. मी म्हटलं, तुझं पत्र वाचलं. ती तुकडी मी मोडते आहे. तू परत येशील का? तिच्या मागे कोंबड्या ओरडत होत्या. मग ती म्हणाली, "विचारून सांगते, मॅडम." माझ्यापेक्षा शहाणी. कुणाला विचारणार, आजीला, बापाला की स्वतःला, ते मी विचारलं नाही. आणि बाई, मी तिची माफी मागितली नाही. तोंडाशी आली होती. पण आई समोर उभी, आजी दारातून ऐकताहेत, आणि मी मुख्याध्यापिका. चार महिने झाले. तिचा फोन आला नाही. मी दोनदा लावला, तो नंबर आता लागत नाही. तिच्या आईवडिलांनीही खोली सोडली, आजी म्हणतात रांजणगावकडे कुठेतरी गेलेत.

तुकडी मी मोडली, पुढच्याच आठवड्यात. वर्गावर्गांत जाऊन मुलांना विचारलं, कुणाशेजारी बसायचंय, काय अडतं, कोण कुणाला शिकवील. मग चिठ्ठ्या टाकून सगळे मिसळले. ते वजनदार पालक ऑफिसात येऊन म्हणाले, "मॅडम, ह्ये काय बरं न्हाई केलं तुमी." परवाच्या चाचणीत निकाल खाली आला. येत्या सभेत संस्था मला त्याचा जाब विचारणार, कदाचित खुर्ची जाईलही. हजेरीला आता आठवीत कुणी 'हजर' म्हणतं, कुणी 'हाजिर', एक ओडिया मुलगा 'अछि' म्हणतो आणि वर्ग त्याची नक्कल करतो, प्रेमानं. मला बरं वाटायला हवं. पण ज्या मुलीनं हे सगळं एका पानात मागितलं होतं, तिचंच नाव हजेरीत नाही. हे कशानं भरून येणार नाही, आणि ते भरून आल्यासारखं मी स्वतःला सांगणारही नाही.

भाऊसाहेब आत येऊन गेले. हळूच म्हणाले, "मॅडम, तुकडी मोडली हे संस्थेच्या वरच्या लोकांना अजून कुठं माहीत आहे? तोच उपक्रम फॉर्मवर जाऊ द्या. शिबिरात कौतुक होईल. सभेतही त्याचा उपयोग होईल." ते माझ्या भल्याचंच बोलत होते. मी त्यांच्यादेखत चौथ्या प्रश्नाचं उत्तर खोडलं आणि लिहिलं, 'सेतू तुकडी मी सुरू केली आणि मीच बंद केली. मुलांना विचारलं नव्हतं. त्यामुळे एक विद्यार्थिनी शाळा सोडून गेली.' खाली सही केली. या वेळी कागद नीट वाचून. भाऊसाहेबांनी चष्मा काढला, परत घातला, आणि म्हणाले, "तिसरा कोरा राहिलाय." मी म्हटलं, राहू द्या. ते फॉर्म घेऊन गेले.

तो कोरा का राहिला ते तुम्हालाच सांगण्यासारखं आहे, म्हणून तर कागद काढले. चार दिवस त्या रकान्यात मला एकच शब्द लिहायचा होता, विचारते. तुम्ही दिलेला गुण तो. मेथी निवडताना माझ्या गुडघ्यावर थाप मारून दिलेला. दर वेळी पेन त्या शब्दाशी येऊन थांबायचं. हे कागद मी कुठे पाठवणार नाही, पाठवायला पत्ता नाही. घडी घालून पेन्सिलीशेजारी ड्रॉवरमध्ये ठेवीन. पण लिहून तरी ठेवते. सातवीतल्या त्या मधल्या सुट्टीत ती सोलापूरची मुलगी नळावर ओंजळीनं पाणी पीत होती. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. तिनं वळून बघितलं, मी दुसरीकडे बघितलं. मग परत आले आणि तुम्हाला अपूर्णांकाचं सांगितलं, ते मनचं होतं. मी तिला विचारलंच नव्हतं, बाई. पेन्सिल मात्र घेतली. ती काय बोलत होती, ते मला आजही माहीत नाही.